वॉशिंग मशीनवर तोच एरर कोड पुन्हा पुन्हा येतो तेव्हा

गेल्या वर्षी मार्च ते जून या चार महिन्यांत अमळनेर येथील आमच्या घरातील फ्रंट लोड वॉशिंग मशीनने पाणी न मिळाल्याचा कोड अकरा वेळा दाखवला. पहिल्यांदा आलेल्या मेकॅनिकने पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला, दुसऱ्यांदा मागच्या नळीतील जाळी साफ केली आणि तिसऱ्यांदा सर्किट बोर्ड बदलावा लागेल असे सांगून जी रक्कम सांगितली, ती ऐकून आम्ही काम थांबवले. शेजारच्या मावशी रोज सकाळी अंगणातून विचारायच्या, "आज बी मशीन पानी लेत नही का?" त्या प्रश्नातील "आज बी" या दोन शब्दांनी मला एक गोष्ट सुचवली. कोड रोज येत नव्हता, काही दिवशीच येत होता, आणि कोणत्या दिवशी येतो हे आमच्यापैकी कोणीही लिहून ठेवले नव्हते. त्यानंतर कोड आला की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेन्सिलने गोल करू लागलो. त्याच कॅलेंडरवर नळाला पाणी येण्याचे दिवसही माझी पत्नी लिहीत असे. उन्हाळ्यात आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि घर गच्चीवरील टाकीवर चालते. महिनाभराने पाहिले तेव्हा जवळजवळ प्रत्येक गोल नळाला पाणी येण्याच्या आदल्या दिवसावर, म्हणजे टाकी तळाला गेलेली असतानाच्या दिवसावर पडलेला होता. मशीन बिघडलेले नव्हते. त्याला पाणी पुरेशा जोराने मिळत नव्हते, आणि ते तेवढेच सांगत होते.

हा अनुभव सविस्तर लिहिण्याचे कारण असे की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील नातेवाइकांकडे मी नंतर अशाच तक्रारी पाहिल्या आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ मशीनच्या बाहेर होते. टाकीची उंची, बोअरचे जड पाणी, शेतातून कपड्यांबरोबर येणारी काळी माती आणि उन्हाळ्यात खाली जाणारे व्होल्टेज ही ती कारणे. सुटा भाग बदलल्यावर कोड काही दिवस जातो आणि परत येतो, याचा अर्थ बहुधा मूळ कारणाला अजून कोणी हात लावलेला नाही असा होतो.

कोड नेमके काय सांगतो

वॉशिंग मशीनमधील नियंत्रक ठरावीक क्रमाने कामे करतो. तो दार बंद असल्याची खात्री करून घेतो, व्हॉल्व्ह उघडून पाणी घेतो, पाण्याची पातळी मोजतो, ड्रम फिरवतो, पाणी बाहेर टाकतो आणि शेवटी वेगाने फिरवून कपडे पिळतो. प्रत्येक कामासाठी त्याच्याकडे ठरवून दिलेली मुदत असते. त्या मुदतीत अपेक्षित संकेत मिळाला नाही की तो थांबतो आणि कोड दाखवतो. म्हणून पाण्याच्या कोडचा अर्थ "पाण्याचा व्हॉल्व्ह खराब आहे" असा नसून "दिलेल्या वेळेत पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत पोहोचले नाही" एवढाच असतो. व्हॉल्व्ह हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. बंद नळ, वाकलेली नळी, गाळाने भरलेली जाळी, रिकामी टाकी आणि आत आलेले पाणी त्याच वेळी मोरीत वाहून जाणे हीदेखील तितकीच संभाव्य कारणे आहेत, आणि ती तपासायला पैसे लागत नाहीत.

कोड वाचतानाही काळजी घ्यावी लागते. बऱ्याच मशीनवरील अंक व अक्षरे सात लहान प्रकाशपट्ट्यांनी उमटवलेली असतात. त्या पट्ट्यांनी इंग्रजीतील सर्व अक्षरे नीट काढता येत नाहीत, त्यामुळे कोड दोन-तीन अक्षरांचे असतात आणि काही चिन्हे सारखीच दिसतात. सॅमसंगच्या जुन्या मशीनवरील "५ई" अनेक जण "एसई" असे वाचतात, कारण त्या पट्ट्यांवर इंग्रजी पाच आणि एस यांत फरकच नसतो. मेकॅनिकला फोनवर कोड सांगण्यापेक्षा पडद्याचा फोटो पाठवणे चांगले.

सर्व कंपन्यांचे कोड एकसारखे नसतात, ही दुसरी अडचण. एलजीच्या मशीनवर "आयई" म्हणजे पाणी न येणे, "ओई" म्हणजे पाण्याचा निचरा न होणे, "यूई" म्हणजे कपड्यांचा तोल न साधणे, "डीई" म्हणजे दार नीट न लागणे आणि "एफई" म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर भरणे. सॅमसंगमध्ये पाणी न येण्यासाठी "४ई" किंवा "४सी" आणि निचऱ्यासाठी "५ई" किंवा "५सी" येते. बॉशच्या अनेक मशीनवर हीच दोन कामे "ई १७" आणि "ई १८" या कोडांनी सांगितली जातात. यात सर्वांत फसवा कोड "एलई" आहे, कारण एलजीमध्ये तो मोटर अडल्याचे सांगतो आणि सॅमसंगमध्ये पाणी गळत असल्याचे किंवा पातळी टिकत नसल्याचे. शेजाऱ्याच्या मशीनवरचा अनुभव आपल्या मशीनला लावताना हा फरक विसरू नये. मशीनबरोबर आलेली पुस्तिका हरवली असेल, तर मागे किंवा दारावर चिकटवलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते.

पुढचे कोणतेही काम करण्यापूर्वी मशीन बंद करून प्लग सॉकेटमधून काढावा आणि पाण्याचा नळ बंद करावा. केवळ मशीनचे बटण बंद करणे पुरेसे नाही. गरम पाण्याची धुलाई चालू असताना मशीन थांबले असेल, तर आतील पाणी निवेपर्यंत थांबावे. प्लग काढून दहा मिनिटे ठेवून पुन्हा लावल्यावर कोड गेला आणि परत आला नाही, तर तो बहुधा विजेच्या क्षणिक गडबडीने आलेला असतो. तो आठवड्याभरात परत आला, तर मात्र कारण शोधायलाच हवे.

पाणी न मिळाल्याचा कोड

खानदेशात, विशेषतः होळीपासून मृगापर्यंत, हा कोड सर्वाधिक त्रास देतो असे माझे मत झाले आहे. त्यामुळे त्याच्याविषयी थोडे अधिक लिहितो.

टाकीतील पाण्याचा दाब टाकी किती लिटरची आहे यावर अवलंबून नसतो. तो पाण्याच्या वरच्या पातळीपासून मशीनच्या नळापर्यंतच्या उभ्या उंचीवर अवलंबून असतो. १ मीटर उंचीमागे सुमारे ०.१ बार दाब मिळतो. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत किमान ०.३ बार दाब हवा असे छापलेले आहे, म्हणजे पाण्याची पातळी नळाच्या निदान ३ मीटर वर असायला हवी. काही फ्रंट लोड मशीनना याहून जास्त दाब लागतो, म्हणून आपल्या पुस्तिकेतील आकडाच पाहावा. आमचे मशीन आधी तळमजल्यावर मोरीजवळ होते आणि तेथे ते वर्षानुवर्षे विनातक्रार चालले. घराची दुरुस्ती झाली तेव्हा आम्ही ते वरच्या मजल्यावर नेले. तेथे टाकीचा तळ मशीनच्या नळापासून जेमतेम दीड मीटर वर आणि टाकीची स्वतःची उंची एक मीटर आहे. टाकी काठोकाठ भरलेली असताना ०.२५ बार आणि तळाला गेल्यावर ०.१५ बार, असा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा कॅलेंडरवरील गोलांचा उलगडा झाला. भरलेल्या टाकीवर मशीन कसेबसे मुदतीत पाणी भरून घेत असे आणि पातळी उतरली की त्याला ते जमत नसे. नवा व्हॉल्व्ह बसवल्यानंतर तीन आठवडे सगळे ठीक चालले ते त्या दिवसांत टाकी भरलेली राहिली म्हणून, व्हॉल्व्ह बदलला म्हणून नव्हे.

याची चाचणी कोणालाही करता येते. नळ बंद करून मशीनच्या मागील बाजूची नळी सोडवावी, तिचे टोक बादलीत धरावे, नळ पूर्ण उघडावा आणि घड्याळ लावून एका मिनिटात किती लिटर पाणी जमा होते ते मोजावे. आठ लिटर किंवा त्याहून अधिक पाणी मिळाले, तर पुरवठ्यावरचा संशय सोडून द्यावा. चार-पाच लिटरही मिळत नसेल, तर मशीनचा कोणताही भाग बदलण्याआधी नळजोडणी सुधारावी. ही चाचणी टाकी भरलेली असताना एकदा आणि रिकामी होत आलेली असताना एकदा, अशी दोनदा केली तरच खरे चित्र दिसते. मेकॅनिक नेमका पाणी आलेल्या दिवशी येतो, मशीन त्याच्यासमोर व्यवस्थित चालते आणि तो काहीतरी बदलून जातो, हे आमच्याकडे दोनदा घडले.

उपाय परिस्थितीप्रमाणे निवडावा लागतो. मशीन खालच्या मजल्यावर नेता येत असेल तर त्याहून स्वस्त आणि टिकाऊ उपाय नाही. टाकी लोखंडी स्टँडवर उंच करण्याचा विचार अनेक जण करतात, पण १००० लिटरच्या टाकीत केवळ पाण्याचेच वजन १००० किलो असते, म्हणून जुन्या स्लॅबवर किंवा धाब्याच्या घरावर जाणकाराला दाखवल्याशिवाय असे करू नये. आम्ही दोन गोष्टी केल्या. आधी मशीनसाठी टाकीपासून एक इंची स्वतंत्र नळ टाकला, कारण पूर्वीची अर्ध्या इंचाची लाइन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर अशी वळसे घेत येत होती आणि स्वयंपाकघरातील नळ उघडला की मशीनकडील धार बारीक होत असे. त्याने बराच फरक पडला, तरी टाकी तळाला गेल्यावर अडचण राहिलीच, तेव्हा त्या लाइनवर पाणी वाहू लागताच आपोआप चालू होणारा लहान प्रेशर पंप बसवला. पंप निवडताना त्याचा जास्तीत जास्त दाब मशीनच्या पुस्तिकेतील कमाल मर्यादेपेक्षा कमी आहे ना, हे पाहून घ्यावे.

दाब योग्य असूनही पाणी कमी येत असेल, तर जाळीकडे वळावे. मशीनच्या मागे जेथे नळी जोडली जाते तेथे, व्हॉल्व्हच्या तोंडात, प्लॅस्टिकची छोटी जाळी असते. ती पकडीने हलकेच सरळ बाहेर ओढता येते. काही नळ्यांच्या नळाकडील टोकातही अशी दुसरी जाळी असते आणि तिचा अनेकदा विसर पडतो. यावल, रावेर, चोपडा या तापीच्या गाळाच्या पट्ट्यातील बोअरच्या पाण्यात बारीक रेती येते, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला नळाच्या पाण्यातही गढूळपणा असतो. ती सगळी रेती आणि गाळ या जाळीत अडकतो. जाळी जुन्या टूथब्रशने घासून वाहत्या पाण्यात धुवावी, पण टाचणीने भोके मोठी करू नयेत. जाळी काढून मशीन तसेच चालवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण मग रेतीचा कण व्हॉल्व्हच्या पडद्याखाली बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मशीन बंद असतानाही त्यात पाणी झिरपत राहते.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. पाणी जोराने आत येताना ऐकू येते, तरीही पातळी वाढत नाही आणि काही वेळाने पाणी न मिळाल्याचाच कोड येतो. अशा वेळी मोरीकडे पाहावे. निचऱ्याची नळी खाली जमिनीवर पडलेली असेल, किंवा सांडपाण्याच्या पाइपात खोलवर घालून तिच्याभोवतीची फट बुजवलेली असेल, तर नळीतून पाणी आपोआप ओढले जाते आणि आत येईल तेवढे बाहेर निघून जाते. दोष निचऱ्याच्या नळीचा असतो आणि कोड मात्र पाण्याचा येतो. पंप असलेल्या फ्रंट लोड मशीनची नळी पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर अडकवावी. ही उंची बहुधा जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. नळीभोवती हवा जाण्यास जागाही ठेवावी.

जड पाण्याचे थर

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य समजला जातो आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतला जातो. आपल्याकडील अनेक बोअरचे पाणी जड असते, हे सांगायला प्रयोगशाळेची गरज पडत नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या काठावर पांढरी कड धरते. तीच कड मशीनच्या हीटरवर, जाळीवर आणि नळ्यांच्या आतून बसते. हीटरवर थर साचला की पाणी ठरलेल्या वेळेत गरम होत नाही आणि तापमानाचा कोड येतो.

बाजारात कंपन्यांची क्षार काढणारी पावडर मिळते आणि पुस्तिकेत तिचे नाव असेल तर तीच वापरणे उत्तम. ती नसेल तेव्हा मी किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, सुमारे १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० अंशांवर एक धुलाई करतो आणि नंतर नुसत्या पाण्याची एक धुलाई करतो. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी हे तीन महिन्यांतून एकदा करावे, रोजच्या सवयीने करू नये, कारण वारंवार आम्ल वापरल्याने रबरी भाग कडक होऊ शकतात. येथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. लिंबूफूल किंवा व्हिनेगर आणि कपड्यांचे ब्लीच कधीही एकत्र करू नये, एकाच धुलाईतही वापरू नये. त्यांच्या मिश्रणातून क्लोरिन वायू बाहेर पडतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

पाण्याचा निचरा न होणे

फ्रंट लोड मशीनच्या समोर, खालच्या कोपऱ्यात, एक लहान झाकण असते. त्याच्या आत गोल फिरवून निघणारी गाळणी असते. तिच्याविषयी अनेक घरांत माहितीच नसते, आणि आमच्या मामेबहिणीकडे चोपड्याला ती सहा वर्षांत एकदाही उघडलेली नव्हती. गाळणी उघडण्यापूर्वी खाली पसरट परात ठेवावी. शेजारी बारीक नळी असेल तर तिचे बूच काढून साचलेले पाणी आधी परातीत काढावे, मगच गाळणी हळूहळू उलट दिशेने फिरवावी. त्या दिवशी बहिणीच्या मशीनमधून नाणी, दोन सेफ्टी पिना, एक बटण आणि कापसाच्या तंतूंत कालवलेल्या काळ्या मातीचा मूठभर गोळा निघाला. तिच्याकडे कापूस आणि केळी दोन्ही पिकतात. वेचणीच्या दिवसांत शेतातले कपडे थेट मशीनमध्ये जात, आणि आपली काळी माती इतकी बारीक व चिकट असते की ती पाण्याबरोबर वाहून न जाता वळणावर बसते. असे कपडे आधी अंगणात झटकून आणि एकदा बादलीत खंगाळून मगच मशीनमध्ये टाकावेत. खिसे तपासण्याचे काम घरातील एकानेच नेहमी करावे.

गाळणी काढल्यावर आत टॉर्च मारून पाहावे. पंपाचा छोटा पंखा दिसतो. प्लग काढलेला असल्याची पुन्हा खात्री करून तो बोटाने फिरवून पाहावा. तो थोड्या अडखळत्या टप्प्यांनी फिरतो आणि तसे फिरणे हा दोष नाही. तो मुळीच फिरत नसेल तर दोरा किंवा केस गुंडाळलेले असतात, आणि अगदी सैल, निराधार फिरत असेल तर पंख्याची दांडी तुटलेली असण्याची शक्यता असते. गाळणी परत बसवताना ती पूर्ण घट्ट झाली आहे ना हे पाहावे, नाही तर पुढच्या धुलाईत घरभर पाणी होते.

टॉप लोड मशीनची गोष्ट वेगळी आहे. त्यांपैकी अनेकांत पंप नसतो. आतील झडप उघडते आणि पाणी केवळ उताराने बाहेर जाते. अशा मशीनची नळी मोरीच्या उंबऱ्यावरून वर चढवलेली असेल तर पाणी अर्धवट राहते आणि निचऱ्याचा कोड येतो. नळी जमिनीलगत, सरळ आणि शक्य तितकी आखूड ठेवणे हाच त्यावरील उपाय आहे. शहाद्याच्या एका परिचितांनी नळीला जोड देऊन ती परसातील झाडापर्यंत नेली होती. सांडपाणी झाडाला देण्याची कल्पना चांगली होती, पण इतक्या लांब नळीतून पाणी दिलेल्या मुदतीत निघत नव्हते. त्यांनी मशीनजवळ उघडी टाकी ठेवून पाणी आधी तिच्यात घेण्यास सुरुवात केली आणि कोड थांबला.

हाताने कपडे धुण्याची पावडर स्वयंचलित मशीनमध्ये वापरली तर फेस इतका होतो की पंप पाण्याऐवजी फेस ओढतो आणि निचऱ्याचा किंवा तोलाचा कोड येतो. जड पाण्यात फेस येत नाही म्हणून पावडर वाढवायची आणि नळाचे पाणी आले त्या दिवशीही तेवढीच टाकायची, अशा सवयीतून हे घडते.

तोल न साधणे

हा कोड बहुतेक वेळा मशीनच्या दोषामुळे येत नाही. एकच जड वस्तू ड्रममध्ये असली, की ती एका बाजूला चिकटून राहते आणि मशीन पिळण्याचा वेग घेऊ शकत नाही. गोधडी तर मशीनमध्ये घालूच नये असे माझे मत आहे. ती भिजल्यावर कितीतरी पटींनी जड होते आणि बेअरिंगवर ताण येतो. लांब साडी किंवा नऊवारी लुगडे इतर कपड्यांभोवती दोरासारखे गुंडाळले जाते, म्हणून ते सैल घडी करून जाळीच्या पिशवीत घालावे. कोड आल्यावर दार उघडून कपडे हाताने मोकळे करावेत आणि फक्त पिळण्याचे काम पुन्हा लावावे.

रिकामे मशीनही हलत असेल तर पाय तपासावेत. जुन्या शहाबादी फरशीवर चारही पाय क्वचितच टेकतात. मशीनच्या वरच्या पत्र्यावर गवंड्याची पाणसळ आडवी व उभी ठेवून पाय फिरवून उंची जुळवावी आणि प्रत्येक पायावरील लॉक नट घट्ट करावा. चाकांच्या स्टँडवर ठेवलेल्या फ्रंट लोड मशीनचा तोल नीट राहत नाही. नवे मशीन पहिल्याच दिवशी जोराने उड्या मारत असेल, तर प्रवासासाठी मागे लावलेले बोल्ट काढायचे राहिले आहेत का ते पाहावे.

दाराच्या कोडमध्ये फारसे काही नसते. रबराच्या पट्ट्यात अडकलेला मोजा किंवा ओढणीचे टोक काढले आणि कडीची जागा पुसली की तो बहुतेक वेळा जातो. धुलाई संपल्यानंतर दार लगेच उघडत नाही म्हणून ओढाताण करू नये. अनेक मशीनमध्ये कुलूप सुटायला एक-दोन मिनिटे लागतात.

पाणी प्रमाणाबाहेर भरणे

या कोडच्या वेळी प्रथम नळ बंद करावा. त्यानंतर एक साधी चाचणी उपयोगी पडते. प्लग काढून टाकावा, नळ थोडा उघडावा आणि ड्रममध्ये पाणी येते का ते पाहावे. वीज नसतानाही पाणी येत असेल तर व्हॉल्व्हच अडकलेला आहे. वीज नसताना पाणी थांबत असेल तर पातळी मोजणारा भाग, त्याची बारीक हवानळी किंवा बोर्ड यांपैकी काही बिघडले आहे. हे काम मेकॅनिकचे आहे, पण एवढी माहिती त्याला आधीच दिली तर त्याचाही वेळ वाचतो.

वीज, अर्थिंग आणि उंदीर

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि कूलर, एसी व पंप एकाच वेळी चालतात. तेव्हा अनेक वस्त्यांत व्होल्टेज खाली जाते. मोटरचा किंवा पिळण्याचा कोड फक्त दुपारी किंवा संध्याकाळी येत असेल आणि त्याच वेळी पंखे मंद होत असतील, तर पहाटे तीच धुलाई लावून पाहावी. पहाटे मशीन व्यवस्थित चालले तर स्टॅबिलायझरचा विचार करावा. हीटर असलेले मशीन सुमारे २००० वॉट घेते, म्हणून त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट हवे आणि एक्स्टेंशन बोर्ड मुळीच नको. वळवाच्या पावसात वीज चमकू लागली की प्लग काढून ठेवावा.

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कोड कोणताही असो, मशीन त्या क्षणापासून बंद ठेवावे. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग कमकुवत होते. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घेणे, हे दोन्ही उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करावे.

कोडमध्ये काहीच संगती दिसत नसेल, आज दाराचा, उद्या मोटरचा आणि परवा पातळीचा कोड येत असेल, तर मशीन पुढे ओढून खाली पाहावे. धान्य घरात आल्यावर उंदीरही येतात, आणि तळ उघडा असलेल्या मशीनमध्ये शिरून ते वायरी कुरतडतात. कुरतडलेली वायर घरी चिकटपट्टीने जोडू नये. ती मेकॅनिककडून बदलून घ्यावी आणि तळाला जाळी बसवून घ्यावी.

मागील पत्रा उघडून बोर्डाला हात लावणे, दाराचे कुलूप वायर जोडून फसवणे आणि हीटर घरी काढणे ही तीन कामे कोणीही करू नयेत. प्लग काढल्यानंतरही बोर्डावरील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठलेली राहते.

वरील सर्व तपासूनही कोड परत येत असेल, तर मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी एका कागदावर मॉडेल क्रमांक, कोडचा फोटो घेतल्याची तारीख व वेळ, धुलाईच्या कोणत्या टप्प्यावर मशीन थांबले, त्या दिवशी टाकीत किती पाणी होते, बादलीच्या चाचणीत मिनिटाला किती लिटर पाणी मिळाले आणि आधी कोणते भाग बदलले, हे लिहून ठेवावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर नव्या भागाचे नाव लिहून घ्यावे. आमच्याकडे या वर्षी आलेल्या मेकॅनिकने असा कागद वाचला, टाकीकडे एकदा पाहिले आणि हत्यारांची पेटी न उघडताच सांगितले की बोर्डाला काहीही झालेले नाही.